बोटॉक्स घेऊनही मान तशीच का राहिली?

नमस्कार,

तुम्ही लिहिलंय की बहिणीने मानेला बोटॉक्स घेतलं, पैसे गेले, पण हनुवटीखालची कातडी लोंबतेच आहे. म्हणजे विनाशस्त्रक्रिया उपचार हे थोतांड, असं तुमचं म्हणणं. हा निष्कर्ष घाईचा आहे. औषध चुकीच्या दुखण्याला दिलं गेलं असावं.

बोटॉक्स कातडी आवळत नाही, स्नायू ढिला करतं. मानेवर प्लॅटिस्मा हा पातळ, पसरट स्नायू असतो. वयानुसार त्याच्या उभ्या दोऱ्या दिसू लागतात. बहिणीला आरशासमोर दात घट्ट आवळून ओठांचे कोपरे खाली ओढायला सांगा. दोऱ्या ताठ उठल्या आणि चेहरा सैल सोडताच गेल्या, तर बोटॉक्सचा उपयोग आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२४ मध्ये नेमकी या दोऱ्यांसाठी मंजुरी दिली. एकूण मात्रा २६, ३१ किंवा ३६ युनिट. परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. ‘जरा जास्तच द्या’ हा आग्रह नको, कारण औषध खोलवर उतरलं की गिळायला त्रास होतो.

आता हनुवटीखालची कातडी चिमटीत धरून दात आवळण्याचा तोच प्रकार पुन्हा करायचा. चिमटीत चरबी टिकली, तर ती स्नायूच्या वर आहे; तिथे डीऑक्सीकोलिक अ‍ॅसिड हे चरबी विरघळवणारं इंजेक्शन चालतं. दर टोचणीला ०.२ मिली, एकेक सेंटिमीटरवर, एका बैठकीत जास्तीत जास्त ५० टोचण्या, पुढची बैठक किमान महिन्याने. चिमटीतून निसटली, तर चरबी स्नायूखाली आहे, हे इंजेक्शन व्यर्थ. जबड्याच्या कडेला फार जवळ टोचलं तर मज्जातंतू दुखावून हसू वाकडं होतं. बहुधा काही आठवड्यांत सुधारतं, पण तोवर फोटो काढवत नाही! शिवाय कातडी आधीच सैल असेल, तर चरबी गेल्यावर ती आणखी लोंबते. नेमकं हेच कुणी सांगत नाही.

सौम्य सैलपणाला अल्ट्रासाउंड, म्हणजे ध्वनिलहरींनी कातडी आवळणारा उपचार आहे, पण फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. लेझरबाबत मात्र मी सावधच राहीन: मानेवर तैलग्रंथी कमी असल्याने जखम हळू भरते, आणि आपल्या सावळ्या त्वचेवर डाग राहू शकतात.

बहिणीची कातडी स्वस्थ बसल्यावरही पडद्यासारखी लोंबत असेल, तर पुढचे पैसे सुईवर घालवू नका, प्लास्टिक सर्जनला दाखवा. आणि आधीच्या दवाखान्यातून औषधाचं नाव, युनिटं आणि टोचलेल्या जागा लेखी मागून घ्या. सर्जन पहिल्यांदा तेच विचारतील.