नारळाजवळ, अंदाजे

परवा दुपारी लॅपटॉपचं झाकण आपटलं आणि घराबाहेर पडलो. एका मित्राच्या वडिलांच्या कवितांचं बाड जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणतोय. ऱ्हस्व वेलांटी नको तिथे जाऊन बसते, 'कविता'चं 'कवतिा' होतं. तीन दिवस एकेक वेलांटी उचलून जागेवर ठेवत होतो. मध्येच अपडेट सुरू झालं, यंत्र आपलं आपण बंद पडून चालू झालं आणि तिन्ही दिवस गेले. सेव्ह केलं नव्हतंस का, हे कृपया विचारू नका. बायकोने विचारून झालंय.

जुहूच्या चौपाटीवर ओहोटी होती. भेळवाल्यांची गर्दी मागे टाकून ओल्या वाळूतून दक्षिणेकडे, कोळीवाड्याच्या अंगाने चालत राहिलो. मग रस्ता पकडून सांताक्रूझच्या बाजूला कब्रस्तानाकडे. उर्दू कवी आणि हिंदी सिनेमाचा गीतकार साहिर लुधियानवी, त्याला भेटायचं बरेच दिवस मनात होतं.

भेटायचं म्हणजे काय, हाही प्रश्नच. कारण साहिरची कबर आता तिथे नाही. म्हणजे तो तिथेच आहे, पण खूण नाही. 2010 साली नव्या दफनांना जागा करायला जुनी बांधकामं काढली, त्यात त्याची गेली, मधुबालाची गेली, नौशादची गेली, रफीची गेली. मुंबईत मेल्यावरही रीडेव्हलपमेंट चुकत नाही.

पेपरात तेव्हा हे वाचून मी भडकलो होतो. आज तेवढा राग येत नाही. काल गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी खांद्यावर मयत घेऊन कुठे जायचं? तिथे कवीचा संगमरवर आडवा येत असेल तर तो बाजूला व्हावा. 'ताजमहाल' ही कविता लिहून बादशाहच्या संगमरवराला सुनावणारा साहिर तरी याला हरकत घेता ना. पण कबर मोडणं वेगळं आणि नाव पुसणं वेगळं. फाटकापाशी एक साधी पाटी लावायला किती जागा लागते? अमुक माणूस, अमुक साली, या मातीत. बस. मला तशी पाटी कुठे दिसली नाही.

आणि हे कुणाच्या बाबतीत? आकाशवाणीवर गाण्याबरोबर गीतकाराचंही नाव सांगायला लागले ते साहिरच्या आग्रहामुळे, असं सांगतात. गायिकेपेक्षा एक रुपया जास्त मागायचा, ही गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. तिखटमीठ किती ते सोडा, पण नावासाठी भांडणारा माणूस होता एवढं नक्की. स्वतःचं जन्मनाव अब्दुल हयी टाकून त्याने हे नाव घेतलं, आणि जुहूतल्या आपल्या इमारतीलाही आपल्याच दीर्घकवितेचं नाव दिलं, 'परछाइयाँ'.

फाटकाशी एक चाचा बसले होते.

"रफीसाब?" त्यांनीच विचारलं. "वो नारियल के पास."

रफीचे चाहते आता नारळाच्या झाडावरूनच जागा ओळखतात. 'प्यासा'तले साहिरचे शब्द ज्या गळ्यातून आले, तो गळा 31 जुलै 1980 ला गेला आणि साहिर त्याच वर्षी 25 ऑक्टोबरला. तीन महिनेही मध्ये नाहीत. साहिरचं वय 59.

मी साहिरचं नाव घेतलं. चाचांनी हात हवेत फिरवला, इथून तिथपर्यंत. "यहीं कहीं समझ लो."

नारळाजवळ थोडा वेळ उभा राहिलो. कुठे पाय पडतोय ते कळत नव्हतं म्हणून चपला हातात घेतल्या. जरा वेडेपणाच. वारा होता, झावळ्या वाजत होत्या. बाजूलाच एक ताजी कबर होती, तिच्यावरची फुलं अजून सुकली नव्हती.

निघताना चाचांनी थांबवलं. "किसका नाम बोले थे आप?"

मी पुन्हा सांगितलं. जरा मोठ्याने.