चिरा वर कोण ओढणार?
विहिरीत दोरीला बांधलेलं वजन खाली सोडून डायनामो फिरवला की ‘फुकट वीज’ मिळेल, असं एका लेखात म्हटलंय. जरा हिशेब मांडा. 40 किलोचा चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा) 10 मीटर खाली आला की मिळतात सुमारे 3,900 जूल, म्हणजे जेमतेम 1 वॉट-तास. मोबाइलची बॅटरी साधारण 15 वॉट-तासांची. म्हणजे गिअर-डायनामोतली गळती न धरताही चौदाएक खेपा, आणि दर वेळी चिरा वर ओढायचा तो तुम्हीच! रहाट ओढलेल्या कुठल्याही कोकणी बाईला विचारा. पावसात लाइट गेल्यावर एका खेपेत 1 वॉटचा एलईडी पाऊण तास चालेल, तेवढं मात्र खरं. कोयना धरणाच्या पोफळी वीजकेंद्रात वजन, म्हणजे पाणी, वर न्यायचं काम सूर्य आणि पाऊस करतात. कोयनेचं पाणी साडेचारशे मीटरहून जास्त खाली उतरतं, हजार लिटरमागे युनिटभर वीज देतं.