“तिप्पट पैसे आणि फोटो तोच” या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की आमच्याकडून घेतलेला स्टुडिओ फ्लॅश तुमच्या जुन्या फ्लॅशच्या तिप्पट किमतीचा आहे, तरी दोन्हीचे फोटो शेजारी ठेवले तर काही फरक कळत नाही, आम्ही तो तुमच्या माथी मारला आणि वर परतही घेतला नाही. तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. एवढी रक्कम घालून समाधान होत नसेल तर राग येणारच, त्यात तुमचं काही चूक नाही.

पण माथी मारला असं म्हटलंत ते फार लागलं सर. तुम्ही आलात तेव्हा आधी बुटांच्या आणि बॅगांच्या कॅटलॉगबद्दल बोलत होतात आणि आम्ही मधल्या रेंजचाच लाइट काढून समोर ठेवला होता. वस्तू हलत नाही, कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ 100 (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता), एफ 11 (लेन्सचं छिद्र लहान), त्याला साधा लाइट भरपूर झाला, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो, आमचा फायदा कमी होत असला तरी सांगतो. नंतर तुम्हीच म्हणालात की आता डान्सची आणि फिटनेसची कामं येतायत, उड्या, उडणारे केस, घामाचे थेंब. महाग लाइटचा विषय तिथून निघाला, त्याच्या आधी नाही.

आणि टेस्ट कशाची घेतलीत तर बुटाची. एकच सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करायला फ्लॅशपुढे लावतात तो कापडी डबा) दोन्ही लाइटना आलटून पालटून लावला, अंतर तेच, प्रत्येकी एक फ्रेम. अहो सर, मग फोटो सारखाच यायला पाहिजे! लाइट किती सॉफ्ट पडतो ते सॉफ्टबॉक्स केवढा आणि तो वस्तूपासून किती लांब यावर ठरतं, आत फ्लॅश कोणत्या कंपनीचा आहे यावर नाही. फरक आला असता तर उलट मला काळजी वाटली असती.

तुम्ही पैसे दिलेत ते फ्लॅश किती वेळ पेटतो त्यासाठी. काळोख्या स्टुडिओत शटर 1/200 सेकंदाला असतं, त्याने उडी गोठत नाही, गोठते ती फ्लॅशच्या चमकेने, म्हणून ती चमक किती लहान हे बघायचं. यातही डब्यावरचा आकडा फसवा असतो, कारण बहुतेक वेळा तो टी पॉइंट फाइव्हचा असतो, म्हणजे प्रकाश निम्म्याच्या वर असतो तेवढाच वेळ धरलेला. चमक विझतानाची मागची शेपूट धरून मोजायचं तर टी पॉइंट वन, म्हणजे प्रकाश दहा टक्क्यांच्या वर असतो तेवढा वेळ, बघावं लागतं आणि ते ढोबळमानाने तिप्पट निघतं. 1/1000 लिहिलेला फ्लॅश प्रत्यक्षात 1/330 च्या आसपासच काम करतो आणि नाचणाऱ्याच्या बोटांची टोकं पुसट येतात. तुमच्या जुन्या फ्लॅशसारख्या साध्या लाइटमध्ये पॉवर कमी केली की चमक अजून लांबते. नव्यात उलटं आहे, पॉवर उतरवली की चमक छोटी होत जाते, तेव्हा तो पाव पॉवरला लावून उडी टिपा आणि मग बोला. तुम्ही फोटोखाली सेटिंग टाकलंय त्यावरून दिसतंय की तुम्ही कलर मोडवर टेस्ट घेतली. त्या मोडमध्ये रंग स्थिर राहावा म्हणून चमक लांब ठेवलेली असते. हालचाल गोठवायचा मोड वेगळा आहे, तो तुम्हाला काउंटरवर दाखवला होता.

रंगाचंही थोडक्यात सांगतो. बऱ्याच लाइटच्या माहितीपत्रकात 5600 केल्विन (प्रकाश पिवळट की निळसर ते मोजायचं एकक) आणि पुढे अधिक-उणे 200 लिहिलेलं असतं. एका फोटोत ते जाणवत नाही, पण अख्ख्या कॅटलॉगमध्ये तोच पांढरा शर्ट एकदा पिवळट आणि एकदा निळसर आला की एकेक फ्रेम सुधारत बसावं लागतं. ज्यांना रोज हे काम करायचंय त्यांना महाग लाइट परवडतो, बाकीच्यांना नाही परवडत आणि गरजही नाही. नुसती जास्त पॉवर हवी म्हणून महाग लाइट घेणाऱ्यांना तर आम्ही थांबवतो, 300 वॅट सेकंदाच्या (फ्लॅशच्या ताकदीचं माप) जागी 600 घेतला तरी एकच स्टॉप, म्हणजे फक्त दुप्पट प्रकाश, मिळतो.

आता परतीचं. मुदत उलटल्यावर तुम्ही लाइट आणलात, पुढची संरक्षक कॅप नव्हती, फ्लॅश ट्यूबवर बोटांचे ठसे होते. तो नवा म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाला देणं आम्हाला जमणार नाही, तुम्हाला तरी कोणी दिलेला चालला असता का? तरीही मधल्या रेंजचा लाइट घ्या आणि वरचे पैसे हिशोब करून परत घ्या असं आम्ही म्हणालो होतो, तुम्ही रागात निघून गेलात आणि रिव्ह्यूमध्ये ते कुठेच आलं नाही. आमचं दुकान छोटं आहे, घर यावरच चालतं, आता लोक फोन करून आधी विचारतात की तुम्ही महागच माल दाखवता का. हे वाचून आमच्या काउंटरवरच्या मुलांनाही वाईट वाटलंय, सगळ्यांना धीराने समजावून सांगणारी मुलं आहेत ती.

टेस्टिंगची सोय अजून चांगली करायचं चाललंय, परतीचे नियम बिलावर ठळक छापू, बाकीही काही सुधारणा करतोय.

तुम्ही दोन्ही फ्लॅश घेऊन या, सोबत उडी मारणारं कोणीतरी आणा, दोन्हीवर आमच्यासमोर शूट करा. फरक दिसला नाही तर बदलून द्यायची आमची तयारी अजूनही आहे, ठसे असले तरी. फक्त येताना मूळ बॉक्स, ती कॅप आणि बिल आठवणीने आणा, आणि आधी फोन करा म्हणजे मी स्वतः थांबतो.