निव्वळ ठमी

"एट पॉइंट थ्री!" काउंटरवरच्या मुलीने आकडा इतका खणखणीत वाचला की माझ्या कुत्रीने मर्यादा सोडल्याचं रांगेतल्या शेवटच्या माणसालाही कळलं. मर्यादा ८ किलोची. बॅगेसकट. त्यावर एक ग्रॅम गेला तर कुत्रं विमानात पायाशी बसत नाही, खाली सामानाच्या पोटात जातं. या गोष्टीला आता बरेच दिवस झाले, पण रात्री कूस बदलताना मला अजून तो आकडा ऐकू येतो.

प्रास्ताविक थोडक्यात. नवऱ्याची नोकरी फ्रँकफर्टला गेली, तिच्यामागून नवरा गेला, त्याच्यामागून सामान गेलं. राहिलो मी आणि ठमी. ठमी जातीने स्पिट्झ. आमच्या पेठेत तिला सगळे पामेरियन म्हणतात आणि ती कुणालाच ओ देत नाही.

भारतातून युरोपियन संघात कुत्रं न्यायचं म्हणजे आधी त्याच्या कातडीखाली पंधरा आकडी मायक्रोचिप बसवायची, मग रेबीजची लस. क्रम उलटला तर लस धरत नाहीत. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं, ते संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. त्यात दर मिलिलिटरला अर्धं एकक तरी प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडीज, सापडले पाहिजेत. सापडले, की रक्त काढल्याच्या तारखेपासून ३ महिने गप्प घरी बसायचं. मग सरकारी पशुवैद्याचं प्रमाणपत्र, आणि ते हातात पडल्यापासून १० दिवसांच्या आत तिकडे पोचायचं. ठमीचं रक्त माझ्या कितीतरी आधी युरोप बघून आलं. कागदांची फाइल इतकी जाडजूड झाली की माझ्या लग्नाला आणि घराच्या कर्जाला मिळून एवढे कागद लागले नव्हते. आणि या एवढ्या कागदांत ठमीचं वजन कुणी म्हणजे कुणीही विचारलेलं नव्हतं.

तर मुंबई, मध्यरात्र उलटून गेलेली. काउंटरवरची मुलगी दमलेली होती. तिने ठमीकडे पाहिलं. ठमीने घरात चक्का बांधून ठेवलेला असला की जो चेहरा करते तो केला. मुलीने आवाज उतरवला, "मॅडम, ती पाण्याची वाटी तेवढी काढून घ्या, मी करते अॅडजस्ट." आणि तिने टॅग उचललासुद्धा.

हा क्षण मी मुद्दाम सांगतेय. प्रकरण इथे संपलं होतं. यापुढे जे झालं ते व्हायचं काही कारण नव्हतं.

"थांबा," मागून आवाज आला. "काट्यावर शिक्का कुठाय?"

मागे एक काका उभे होते. बिनबाह्यांचा स्वेटर, गळ्यात पासपोर्टची पिशवी, पाठीवर मुलाच्या कंपनीचं नाव असलेली सॅक, पायात परदेशवारीसाठी घेतलेले पांढरेशुभ्र बूट. मुलाकडे निघालेले आईवडील असतात तसे अगदी. काकू ट्रॉलीच्या दांडीला टेकून शाल सारखी करत होत्या.

"काय सर?" मुलगी म्हणाली.

"पडताळणीचा शिक्का. इलेक्ट्रॉनिक काटा दर बारा महिन्यांनी पडताळून घ्यावा लागतो. शेवटची पडताळणी कधीची?" मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "वजनमापे. छत्तीस वर्षं."

लोक 'सैन्यात होतो' ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात.

मी म्हटलं, "अहो काका, राहू द्या, त्या करतायत." काकांनी मला हातानेच गप्प केलं. "ताई, तुमच्यासारखे लोक गप्प बसतात म्हणून हे फावतं." आणि ते खाली बसले. गुडघ्यावर. मोबाइलचा टॉर्च लावून त्यांनी काटा चारी बाजूंनी तपासला. शिक्का सापडला. मुदतीत होता. काकांचा चेहरा उतरला. "चालू आहे," ते म्हणाले, आणि उठता उठता, "पण पुसट आहे."

इथे तरी थांबावं ना! पण छत्तीस वर्षं म्हणजे छत्तीस वर्षं.

"बरं, आता मला सांगा, हे आठ किलो निव्वळ की ढोबळ?"

मुलीला कळेना. रांगेतल्या निम्म्या लोकांनाही कळेना, पण ती निम्मी रांग आता पुढे सरकून ऐकायला लागली होती.

"अगं मुली, मिठाईवाला पेढे खोक्यासकट तोलायला लागला तर चालेल का तुला? गुन्हा आहे तो! पैसे पेढ्यांचे, खोक्याचे नाहीत. आता ही बॅग म्हणजे खोकं." त्यांनी जाळीतून ठमीकडे बोट दाखवलं. "आणि हा निव्वळ माल."

ठमीला आजवर बरंच काही म्हटलं गेलं आहे. माल कुणी म्हटलं नव्हतं.

"सर, पॉलिसीमध्ये विथ बॅग आहे."

"लेखी दाखव."

तिने लेखी दाखवलं. माझ्याच तिकिटावर होतं. काकांनी ते चष्मा वर करून, मग चष्मा खाली करून वाचलं आणि जाहीर केलं की अट अन्यायकारक असली तरी स्पष्ट आहे, पण तुलनेसाठी निव्वळ वजन नोंदलं गेलंच पाहिजे. "ताई, काढा तिला बाहेर."

मी का काढलं, मला विचारू नका. मागे चाळीसेक माणसं उभी असली की काकांसारख्यांचं ऐकावं लागतं. ठमी काट्यावर उभी राहिली आणि एवढे प्रेक्षक पाहून शेपूट हलवायला लागली. आकडा ५.९, ६.४, ६.१ असा नाचायला लागला.

"स्थिर होऊ द्या!" काकांनी हात वर केला. "हलता आकडा ग्राह्य नाही!"

"बस म्हणा तिला," कुणीतरी सुचवलं. "बिस्किट दाखवा." "बिस्किट नको, वजन वाढेल." एका लहान मुलाने "शेकहँड!" असं ओरडून हात पुढे केला, ठमीने पंजा दिला आणि आकडा एकदम खाली आला. "हाच धरा, हाच धरा," मागून दोघंजण म्हणाले. काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते दोघं पुन्हा आपापल्या ट्रॉलीमागे गेले.

"अहो, पुरे आता," काकू म्हणाल्या. "रिटायर होऊन जमाना झाला तुम्हाला."

"कायदा रिटायर होत नाही."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत छत्तीस वर्षांच्या किराणा खरेदीचा सगळा इतिहास होता.

एवढ्या गलक्याने व्हायचं तेच झालं. आतून सुपरवायझर आला. आणि त्याला पाहताच त्या मुलीने माझा टॅग हळूच खाली ठेवला. तिचं 'मी करते अॅडजस्ट' आता इतक्या साक्षीदारांसमोर कसं व्हायचं? सुपरवायझरने सगळं ऐकून घेतलं, काकांना दोनदा 'सर' म्हटलं आणि निकाल दिला: आठच्या आत, बॅगेसकट, नाहीतर सामानात.

मग माझ्या संसाराचं जाहीर प्रदर्शन. वाटी काढली. गळ्यातला पितळी घुंगरू काढला, जो आईने दृष्ट लागू नये म्हणून बांधला होता. बॅगेच्या बाजूच्या कप्प्यातली फाइल काढली. ठमी निरोगी असल्याचे पुरावेच तिला जड करत होते! तरी आकडा आठच्या वरच. बॅगेचा कडक तळ काढू म्हटलं, तर सुपरवायझर म्हणाला, तळ हवाच, गळती होता कामा नये. शेवटी आतली गोधडी काढली. आईच्या जुन्या लुगड्यांची, चांगली जाड. ७.९८.

"वीस ग्रॅम आत!" काकांनी माझा हात हातात घेऊन हलवला. "अभिनंदन. लढलो म्हणून झालं."

लढलो! मी त्यांना काहीही बोलले नाही. बोलायला हवं होतं. माझ्या एका हातात वाटी आणि घुंगरू होता, दुसऱ्या हातात फाइल, आणि गोधडी ठेवायला जागा नव्हती, कारण या तिकिटात कुत्रं हेच हँड बॅगेज, दुसरी पिशवी चालत नाही. मी ती पोटाभोवती गुंडाळली आणि वरून जॅकेटची चेन ओढली.

जाताजाता पाहिलं, काकांच्या दोन्ही बॅगा काट्यावर चढल्या होत्या. दोन्ही बरोबर २३.०. प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी: वजन, तारीख, सही.

सुरक्षा तपासणीत बॅग पट्ट्यावरून एकटी जाते आणि कुत्रं कडेवर घेऊन आपण चौकटीतून जायचं असतं. ते ठीक झालं. पडद्यामागे मात्र तपासणी करणाऱ्या बाईंचा हात माझ्या पोटापाशी थांबला.

"ये क्या है?"

"गोधडी."

"क्या?"

"कुत्ते की गोधडी है."

"पेट पे क्यों?"

या प्रश्नाचं उत्तर हिंदीत तर सोडाच, मराठीतही माझ्याकडे नव्हतं. तेवढ्यात पडद्यापलीकडून, पुरुषांच्या रांगेतून ओळखीचा आवाज आला, "मॅडम, त्यांचं वजनाचं प्रकरण मिटलंय!" त्यावर गोधडी सोडून, घडी न घडी उलगडून पाहिली गेली. ती पुन्हा गुंडाळायला आरसा नव्हता. पुढचे नऊ तास मी कुठल्या आकाराने वावरले ते त्या विमानातल्या लोकांनाच विचारा.

आता मला एक सांगा. माणसांचं वजन कुणी करतं का? न्यूझीलंडच्या विमान कंपनीने २०२३ साली केलं होतं, दहा हजारांवर प्रवाशांचं, इंधनाच्या हिशेबासाठी सरासरी काढायला. पण तिथे काट्यावरचा आकडा उभ्या असलेल्या माणसालाही दिसणार नाही आणि शेजारच्यालाही दिसणार नाही अशी सोय होती, नावगाव नोंदवायचं नव्हतं आणि सक्ती तर नव्हतीच. माणसाच्या वजनाची एवढी अब्रू! आणि ठमीचा आकडा मात्र भर रांगेत, खणखणीत.

ससाण्यांची तर गोष्टच वेगळी. कतारच्या विमानात ससाणा माणसांच्या डब्यात बसून जातो, माणशी एक आणि एका विमानात जास्तीत जास्त सहा. अमिरातींत त्यांना स्वतःचे पासपोर्ट असतात. त्याला कुणी घुंगरू काढ म्हणत नाही. आमची पामेरियन-स्पिट्झ मात्र पायाशी, पुढच्या सीटखाली, बॅगेची चेन लावून. आणि हे फुकट आहे असं समजू नका. कुत्र्याचं भाडं भरलं होतं, जादा सामानाच्या खात्यात. त्यात तिला जागा नाही, जेवण नाही. मिळालं काय, तर जिथे माझे पाय असतात ती जागा. म्हणजे माझ्याच पायांची जागा मी पैसे भरून विकत घेतली आणि तिथे पाय ठेवायची मला बंदी. यावर वजनमापे खात्याचं काय म्हणणं आहे?

विमानात ठमी झोपली. खरंच झोपली, गोधडीशिवाय. तीन रांगा मागे एक बाळ उतरेपर्यंत बेंबीच्या देठापासून रडत होतं आणि त्याच्या आईबापांना कुणी एका शब्दाने बोललं नाही, योग्यच आहे. पण माझ्या शेजारचा गृहस्थ दर अर्ध्या तासाने खाली वाकून विचारायचा, "भुंकणार नाही ना?" न भुंकणाऱ्या कुत्र्याची हमी लेखी कशी द्यायची? फाइलमध्ये तेवढा एक कागद नव्हता.

काका मागच्या भागात होते. ते तिथे जे सांगत होते ते लोकांकडूनच मला कळत होतं, कारण स्वच्छतागृहाकडे जाता-येता लोक माझ्यापाशी थांबायला लागले. "हीच का ती?" एक बाई म्हणाल्या, "आमच्या मागच्या सीटवरचे काका म्हणाले, काटाच खोटा होता म्हणे!" काटा खरा होता हो. शिक्का पुसट होता. पण तोवर प्रकरण माझ्या हातात राहिलेलं नव्हतं. पहाटे दिवे लागल्यावर काका स्वतः आले, ठमीची चौकशी केली आणि मोठ्या मायेने माझा नंबर मागून घेतला. मी एक आकडा चुकीचा सांगायच्या बेतात होते, पण त्यांनी तिथल्या तिथे पडताळणीचा मिसकॉल दिला.

फ्रँकफर्टला उतरल्यावर कस्टम्सच्या लाल मार्गाने जावं लागतं, कुत्रं आणलंय म्हणून सांगायला. मी फाइल छातीशी धरून गेले. रक्त, प्रतिपिंड, तीन महिने, सगळं तोंडपाठ करून. तिथल्या अधिकाऱ्याने ठमीच्या मानेवरून चिपचं यंत्र फिरवलं, यंत्र वाजलं, त्याने पंधरा आकडे कागदाशी ताडून पाहिले, दोन पानं उलटली, शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं. फाइलमधली बाकीची पानं तशीच्या तशी घरी आली. त्यांचा राग कुणावर काढायचा तेही कळत नाही.

तेव्हापासून काकांचे मेसेज येतायत. पहिल्यात सुप्रभात होतं. दुसऱ्यात तक्रारीचा मसुदा, सहा मुद्दे, ठमीचा उल्लेख सगळीकडे 'सदर श्वान' असा. तिसऱ्यात विनंती: जर्मनीत काटे कायद्याने पडताळलेले असतात असं मुलाने शोधून सांगितलंय, तेव्हा इकडच्या पशुवैद्याकडे सदर श्वानाचं निव्वळ वजन करून छापील पावती पाठवावी. चौथ्यात त्यांच्या नातवाचा फोटो, भाजीच्या काट्यावर बसलेला, खाली आकडा.

मी कालच त्यांना फोन केला, अगदी गोड आवाजात, आणि परतीचं तिकीट कुठल्या तारखेचं आहे ते विचारून घेतलं. काकांना फार बरं वाटलं. त्या आठवड्यात आम्ही दोघी कुठेही उडणार नाही.