खिचडी सगळे आणतात, जमीन कोण आणणार?

गेल्या मंगळवारी सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात एका मासीचा अंगठा काही केल्या मशीनवर उमटेना. तीस वर्षं दुसऱ्यांची भांडी घासलेला हात, रेषाच झिजून गेलेल्या. ऑपरेटर म्हणाला पुसा, पुसला. म्हणाला जोरात दाबा, दाबला. मागची रांग कुरकुरायला लागली. शेवटी पाळकसाहेबांच्या पत्नीने पर्समधून व्हॅसलिनची डबी काढली, लहान मुलाचं बोट धरावं तसा मासीचा अंगठा धरला, चोळला, आपल्याच पदराने टिपला. सहाव्या खेपेला पडद्यावर हिरवी खूण आली. मासी माझ्याकडे वळून म्हणाली, "बेन, आमां मारुंज नाम छे ने? एमनुं नहीं ने?" एमनुं म्हणजे नवऱ्याचं. मी म्हटलं, फक्त तुमचंच.

त्या दिवशी असे चौदा दस्त झाले. चौदा बायका, चौदा प्लॉट, प्रत्येकी चाळीस चौरस मीटर. घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही, इतकं भरून आलं होतं. म्हणून हे लिहायला बसले आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे, मी बडोद्याच्या दांडिया बाजारातली. माझी सगळी नोकरी वकिलांच्या ऑफिसात टायटल सर्च करण्यात, म्हणजे जमिनीच्या मालकीचे जुने कागद तपासण्यात गेली. सातबारा, आठ-अ, सहा नंबरच्या हक्कपत्रकातल्या नोंदी, वारसाई, बोजा, हेच माझं जग. घरात गणपती, चैत्रातलं हळदीकुंकू, सगळं आहे. मिशनशी माझा संबंध कधी आला नव्हता. आला तो 2024च्या पुरानंतर.

तो ऑगस्ट बडोद्यात कुणी विसरणार नाही. विश्वामित्रीची धोक्याची पातळी 26 फूट, आणि पाणी 35 फुटांच्याही वर गेलं. ज्यांनी जन्मात पूर पाहिला नव्हता त्यांच्या तळमजल्यावर गळ्याएवढं पाणी. मगरी रस्त्यावर, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये. अलकापुरीतल्या बंगल्यांतही गाड्या बुडाल्या, त्यामुळे त्या वर्षी शहर खरोखर हादरलं. पण बंगल्यातला माणूस भिंत धुऊन परत त्याच घरात जातो. नदीच्या कोतरांत (घळींत), कासांच्या (नाल्यांच्या) काठावर कच्च्या खोल्यांत जी माणसं होती त्यांना परत जायला भिंतच उरली नव्हती. आणि परत जाऊ द्यायचं की नाही हाही प्रश्न होताच. पुढच्या उन्हाळ्यात नदी खोल आणि रुंद करायचं काम निघालं. ते व्हायलाच हवं होतं, नदीची जागा नदीला मिळालीच पाहिजे. पण त्या काठावरच्या माणसाने जायचं कुठे?

पुराच्या आठवड्यात सगळं बडोदं धावलं, हे मी अभिमानाने सांगते. खिचडीचे टोप, दुधाच्या पिशव्या, ब्लँकेटं, मंदिरांकडून, गुरुद्वाऱ्यातून, मशिदींतून, आमच्या गणेश मंडळांकडून. दोन आठवड्यांनी खिचडी थांबली. ते साहजिक आहे, कुणालाही दोष नाही. दिवाळीच्या तोंडावर मात्र आमच्या ऑफिसात फतेगंजच्या बाजूचे एक पाळकसाहेब आणि एक मल्याळी सिस्टर येऊन बसले. दोघं वेगवेगळ्या चर्चचे, एरवी एकत्र दिसणार नाहीत. म्हणाले, एकोणीस कुटुंबं आहेत, त्यांच्यासाठी जमीन शोधायची आहे, कागद तपासून द्याल का? मी माझ्या आयुष्यात बिल्डर पाहिले, भाऊबंद पाहिले, दलाल पाहिले. दुसऱ्यासाठी जमीन शोधत आलेला माणूस तो पहिलाच.

घर बांधायला पैसे देणारे पुष्कळ भेटतात. घर उभं राहतं, फीत कापता येते, फोटो निघतो. जमिनीचा फोटो निघत नाही. त्यासाठी तलाट्याकडे, मामलतदार कचेरीत, सिटी सर्व्हेत हेलपाटे मारावे लागतात, "साहेब मिटिंगमां छे" ऐकत बाकावर बसावं लागतं. आपत्तीनंतरचं पुनर्वसन अडतं ते बहुतेक वेळा इथेच. माळीणवर डोंगर कोसळला 30 जुलै 2014ला, दीडशेहून जास्त माणसं गेली, आणि उरलेल्यांना आमड्याला नवी घरं मिळायला 2017 उजाडलं. बरोबर दहा वर्षांनी, 30 जुलै 2024ला, वायनाडमध्ये तसंच झालं. तिथे पैसा कमी नव्हता. केरळच्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 100 घरं जाहीर केली, मुस्लिम लीगने स्वतः जमीन विकत घेऊन घरं हाती घेतली. सरकारी वसाहतीची जमीन मात्र चहाच्या मळ्याची, मोबदल्यावरून कोर्टात गेलेली. पायाभरणी झाली ती मार्च 2025मध्ये. घर द्यायला सगळे तयार, पण ते ठेवायचं कुठे?

आम्ही अकरा जमिनी पाहिल्या. बडोद्याबाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. गुजरातेत शेतकरी नसलेल्याला शेतजमीन अशी उठून घेता येत नाही. 1948च्या गणोत कायद्याचं कलम 63 आडवं येतं, ट्रस्टलाही कलेक्टरची परवानगी लागते. म्हणजे एन.ए. (बिगरशेती) झालेली जमीन पाहिजे, नाहीतर गामतळातली, म्हणजे गावठाणातली. त्यातून ती स्वस्त पाहिजे, उंचावर पाहिजे, आणि सिटी बसच्या टप्प्यात पाहिजे. हे शेवटचं सिस्टरनी सुरुवातीलाच बजावलं होतं. या बायका सकाळी सातला कामाला पोचतात. वीस किलोमीटर लांब घर दिलंत तर घर मिळेल आणि पोट जाईल.

पहिल्या जमिनीत एका बहिणीची सही नव्हती, तीस वर्षांपूर्वीच्या वारसाईत तिचं नावच गाळलेलं. दुसरी नवी शरतीची, म्हणजे सरकारी अटीवर दिलेली निघाली, सरकारला प्रीमियम भरल्याशिवाय विकता येणार नाही. तिसरी छान होती, पण मी जुने नकाशे काढले तर ती ओढ्याचीच वाट. पाण्यातून काढलेल्या माणसांना परत पाण्यात नेऊन बसवायचं? एकाचं बानाखत (विक्रीचा करार) तयार झालं, आणि कोण राहायला येणार हे कळल्यावर मालकाने फोन उचलणं बंद केलं. आणखी एक अशांत धाऱ्याच्या हद्दीत, म्हणजे दुसऱ्या धर्माच्या माणसाला विकायची तर कलेक्टरची परवानगी अडते तिथली, आणि आमच्या यादीत हिंदूही होते, ख्रिस्तीही, मुसलमानही. प्रत्येक वेळी मला वाटायचं आता हे कंटाळतील. पाळकसाहेब डायरीत त्या जमिनीवर एक रेघ मारायचे आणि म्हणायचे, "चला, पुढची." दीड वर्ष.

आता त्या प्रश्नाकडे येते, जो मला नात्यातल्या सगळ्यांनी विचारला. "अगं, बाटवायला करतात ते. तू कशाला मदत करतेस?" हा प्रश्न मी उडवून लावणार नाही, कारण पहिल्या दिवशी तो माझ्याही मनात होता. मी पाळकसाहेबांना तोंडावर विचारलं. गुजरातेत 2003चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे, आमिष दाखवून धर्मांतर हा गुन्हा आहे, आणि घराहून मोठं आमिष कोणतं? ते रागावले नाहीत. म्हणाले, "म्हणूनच तुमच्याकडे आलो. यादी तुम्ही तपासा, दस्त तुम्ही लिहा. कुठे अट दिसली तर खोडा." यादी मी घरोघर जाऊन तपासली. एकोणीसपैकी चार ख्रिस्ती. पैसाही परदेशातला नको असं त्यांनीच ठरवलं होतं. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 सालच्या दुरुस्तीनंतर एका संस्थेचा पैसा दुसरीला देता येत नाही, आणि इथे तर दोन चर्चनी मिळून काम करायचं होतं. मग रविवारची दानपेटी, कापणीच्या सणाला आलेल्या भोपळ्या-नारळांचा लिलाव, निवृत्त परिचारिकांनी दिलेले दोन-दोन हजार. ती पावतीपुस्तकं मी पाहिली आहेत. दहा रुपयांच्यासुद्धा पावत्या आहेत त्यात.

आपल्या मराठी माणसाला हा वाद नवा नाही. पंडिता रमाबाईंवर याच कारणाने पुण्यात किती वादळ उठलं होतं. पण त्यांची एक गोष्ट मला या दीड वर्षात फार वेळा आठवली. केडगावची जमीन त्यांनी घेतली तेव्हा दुष्काळ आलेला नव्हता. फळबाग करावी, शारदा सदनाला, म्हणजे विधवा-मुलींसाठी काढलेल्या त्यांच्या शाळेला उत्पन्न व्हावं एवढाच विचार. पुढे 1896-97चा दुष्काळ पडला, मध्य प्रांतातून त्यांनी उपाशी मुली आणल्या, आणि त्या मुलींना ठेवायला पायाखाली जमीन होती. 1899-1900मध्ये गुजरातेत छप्पनियाचा दुष्काळ पडला तेव्हा इथूनही शेकडो मुली केडगावला गेल्या. त्यांचं धर्मकारण कुणाला पटो न पटो, संकटाच्या आधी घेतलेल्या त्या जमिनीने त्या मुली जगल्या, हे नाकारता येत नाही.

माझं आणि पाळकसाहेबांचं खरं भांडण झालं ते धर्मावरून नाही, मालकीवरून. त्यांच्या कमिटीचं म्हणणं, जमीन ट्रस्टच्या नावावर राहू दे, कुटुंबांना राहायला देऊ. कारणही खोटं नव्हतं. या माणसांच्या हातात कागद दिला तर वर्षाच्या आत कुणी सावकार, कुणी दलाल तो काढून घेईल. दारूपायी नवरा विकून टाकेल. मी म्हटलं, मग पुण्य तुमचं आणि आसरा त्यांचा, असं होईल. उद्या कमिटी बदलली, नवा माणूस आला, त्याला ही कुटुंबं नको झाली, तर? आणि एकदा जमीन ट्रस्टच्या नावावर चढली की पुढे द्यायची म्हटलं तरी चॅरिटी कमिशनरची परवानगी लागते, पब्लिक ट्रस्ट कायद्याचं कलम 36. तेव्हा मिशनने पैसे भरावेत, पण खरेदीखत मालकाकडून थेट बाईच्या नावावर व्हावं. एकट्या बाईच्या नावावर दस्त असेल तर गुजरातेत नोंदणी फी माफ आहे, तोही एक टक्का वाचतो. हे होणार नसेल तर मी या कामातून बाहेर. एवढं कठोर मी कुणाशी बोलत नाही, पण बोलले.

ते दोन आठवडे आलेच नाहीत. मग एका संध्याकाळी एकटेच आले, चहा घेतला, आणि आजोबांचं सांगितलं. मागच्या शतकांत गुजरातेत काही मिशनांनी पडीक जमिनी मिळवून ख्रिस्ती कुटुंबांची गावं वसवली होती, जात सोडली म्हणून गावाने हाकललेल्यांची, दुष्काळातून वाचलेल्यांची. त्यांचे आजोबा तशाच एका गावातले. कोणतं गाव ते मी लिहीत नाही. आजोबांनी विहीर खणली, आंबे लावले, चर्चच्या भिंतीला विटा वाहिल्या. तीन पिढ्या झाल्या, कागद नाही. वडिलांना मुलीच्या लग्नासाठी कर्ज पाहिजे होतं, बँकेने उतारा मागितला. "मारा बापा ते दिवसे बहु रडेला," ते म्हणाले. आणि पुढे म्हणाले, "बेन, बायकांच्या नावे करा."

मला वाटतं सगळ्या मिशनांनी, आणि आपल्या मठ-मंडळांनी, ट्रस्टांनीही, हे एवढं ऐकावं. किल्लारीला 1993 नंतर 52 गावं नव्या जागी वसवली, फार मोठं काम झालं ते. पण भूमिहीनाला 250 चौरस फुटांचं घर आणि मोठ्या शेतकऱ्याला 750चं. भूकंपात दोघांची भिंत सारखीच पडली होती, फरक पडला तो आधीच्या कागदाने. 2001मध्ये कच्छ हादरलं तेव्हा आमच्या बडोद्यातही खिडक्या वाजल्या. तिथे मालकांनी आपापली घरं बांधावीत, सरकारने पैसे द्यावेत ही पद्धत चांगलीच चालली. पण भुजमध्ये भाड्याने राहणाऱ्यांना कोण विचारणार? मालकी नाही म्हणून ते मागे राहिले. ज्याच्याकडे आधी कागद नव्हता त्याला संकटानंतरही कागद मिळत नाही. देणाऱ्याच्या हातात असेल तर ही साखळी तोडायची वेळ तीच असते. नंतर कुणी तोडत नाही.

बारावी जमीन मिळाली ती आजवा रोडच्या पुढे. जुना एन.ए. लेआउट, अर्धा विकलेला, उंचावर, बसचा थांबा चालत दहा मिनिटांवर. मालक एक म्हातारे पटेल काका. तीस वर्षांचा सर्च काढला, पेपरात जाहीर नोटीस दिली, मुदतीत एकही हरकत आली नाही. मालकी निर्वेध असल्याचा दाखला लिहिताना माझा हात थांबला होता दोन मिनिटं. आयुष्यभर हजारो दाखले लिहिले, एकाही वेळी असं झालं नव्हतं. काकांनी ठरलेल्या भावातून शेवटी थोडं सोडलं, आणि रस्त्याला लागून एक तुकडा नळासाठी मोकळा ठेवला.

पण प्लॉट चौदाच होते. पाच कुटुंबं राहिली आहेत. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा ज्या मासीचं नाव निघालं नाही ती काही बोलली नाही, नातवाला कडेवर घेऊन बाहेर जाऊन उभी राहिली. तिच्या शेजारी पाळकसाहेब उभे. दोघंही गप्प. आज ती तरसालीला भाड्याच्या खोलीत आहे, घरमालकाने जूनपर्यंतच मुदत दिली आहे.

तेव्हा बडोद्यातल्या, वाघोडिया-पादरा-सावलीकडच्या मंडळींनो, कुणाच्या घराण्यात विभागणीत राहून गेलेला एन.ए.चा तुकडा असेल, गामतळातलं पडकं घर असेल, विकायचं मनात असेल तर मला इनबॉक्समध्ये कळवा. दोनशे चौरस मीटर मिळाली तरी पाचही जणी मावतात. वारसाईत घोळ असला तरी चालेल, तो सोडवायला मी बसेन. फी घेणार नाही. फक्त जागा उंचावर असू दे.