निघा सावकाश, गड कुठं पळतोय!

उन्हाळ्यात डोंगर चढायचा ठरवला असेल तर आधी पहाटे उठायचं खूळ डोक्यातून काढा. पहाटे गड चढणं हा पेन्शनीत निघालेल्या माणसांचा उद्योग. साताऱ्यात अजिंक्यतारा किल्ल्याच्या रस्त्याला सकाळी सहाला उभं राहून बघा. तीच ती मंडळी, पांढरे बूट, हातात काठी. उन्हं यायच्या आत वर, मंगळाईला हात जोडले की खाली, आणि आठाच्या ठोक्याला घरी दुधाची पिशवी फोडतायत. यात पराक्रम काय?

आपण आठला उठावं. ग्रुपवर ‘निघालो’ टाकून आंघोळीला जावं. साडेनवाला नाक्यावर जमावं, जो आला नाही त्याला फोन लावावा, तो ‘पोचलोच’ म्हणाला की अजून अंथरुणात आहे हे ओळखून मिसळ सांगावी. तर्री जादा मागवा. तिखटानं घाम सुटतो, आणि पुढं दिवसभर घामाचंच काम आहे.

अकराला पायथ्याशी गाडी लागली की मुहूर्त साधला. कातळ तापून तयार असतो, वारा पडलेला असतो, आणि समोरून गुरं सावलीकडं परत निघालेली असतात. गुरांचं मनावर घेऊ नका, त्यांनी फिटनेसचा कोर्स केलेला नसतो.

‘एवढ्या उन्हात कुठं रे?’ असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार ठेवा. ‘आपल्या अंगात मावळ्यांचं रक्त आहे.’ हे छापलेले टीशर्टही मिळतात, बहुतेक काळ्या रंगात, म्हणजे ऊन वाया जात नाही. फक्त बरोबर इतिहास वाचलेला माणूस घेऊ नका. तो लगेच सांगणार, की ४ फेब्रुवारी १६७० ला तानाजी मालुसरे कोंढाणा चढले ते रात्री. १६७३ च्या मार्चात कोंडाजी फर्जंदांनी साठ गडी घेऊन पन्हाळा मारला, तोही रात्रीच. भर एप्रिलात, सगळा लवाजमा घेऊन साताऱ्याच्या किल्ल्याशी झटण्याचं काम औरंगजेबाच्या फौजेनं केलं. १६९९ च्या डिसेंबरात वेढा घातला, १७०० च्या एप्रिलात सुरुंग उडवले, आणि त्यातल्या एका स्फोटात तट कोसळला तो त्यांच्याच माणसांवर. किल्ला मिळाला, त्याचं आझमतारा केलं, पुढं ताराराणींच्या काळात तो परत आला आणि अजिंक्यतारा झाला. तेव्हा एप्रिलात बारा वाजता गड चढताना आपण नक्की कुणाचा वारसा चालवतोय, हे ज्याचं त्यानं बघावं.

‘वर गार असेल’ असं म्हणणारा एक गडी प्रत्येक ग्रुपात असतो. त्याला पुढं चालू द्या. उंचीनं हवा गार होते हे खोटं नाही, हजार मीटरला साधारण साडेसहा अंश. पण सातारा शहरापासून अजिंक्यताऱ्याचा माथा तीनशे मीटरच्या आतबाहेर. म्हणजे खाली ३९ असलं तर वर ३७. ही दोन अंशांची चैन भोगायला डोक्यावर झाड नसलेली सोंड चढायची. याला म्हणतात थंड हवेचं ठिकाण.

वाट विचारायची नाही. विचारलीत तर पायथ्याच्या वाडीतला कुणीही एकच उत्तर देतो, ‘हे काय, हितंच हाय.’ हे हितंच वीस मिनिटांचं असतं, अडीच तासांचंही असतं, सांगणाऱ्याचा स्वर मात्र बदलत नाही. त्यापेक्षा मोबाईलमधला नकाशा उघडावा. पहिल्या टेपाडाशी रेंज जाते, निळा ठिपका जागच्या जागी थबकतो, आणि समोर तीन वाटा फुटलेल्या असतात. त्यातली रुंद धरा. ती ढोरवाट असते. ढोरवाट ढोराला जिथं जायचंय तिथं बिनचूक पोचवते. करवंदीच्या जाळीत नेऊन सोडली तर तिच्यावर रागावू नका. एप्रिल सरता सरता करवंदं काळी व्हायला लागतात, चार तोंडात टाका, अंगातले काटे काढा, मागं फिरा.

बूट जुनेच घाला. नळीगत गुळगुळीत झालेले असले तर उत्तम. पावसाळ्यात निसरडं असतं हे सगळ्यांना माहीत, पण एप्रिलातला घसारा ही खरी चीज आहे. मुरूम सुटा झालेला, त्यावर वाळलेलं गवत आडवं पडलेलं. पाय ठेवला की गवताची चटई तुम्हाला घेऊन खाली निघते. चढताना काही वाटत नाही, कारण तेव्हा तोंड डोंगराकडं असतं. उतरताना समोर दरी दिसते, मग आपण शहाण्यासारखे खाली बसतो आणि बसल्या बसल्या सरकत येतो. अशा वेळी पँटची शिलाई कुठली आहे ते कळतं.

कातळटप्प्याचं तसंच. वर चढून जाणं सोपं, हाताला खाच दिसते, पायाला पायरी सापडते, खालून कुणीतरी ‘भारी, भारी’ ओरडत असतं. उतरताना त्याच खाचा कुठं जातात देव जाणे. डोंगरात मुरलेली माणसं सांगतात, कातळाकडं तोंड करून उतरा, दोन हात दोन पाय यांतले तीन टेकलेले ठेवा आणि चौथा हलवा. हा हिशोब जुन्या काळातला. आता एक हात रील काढायला लागतो. उरले तीन, तिन्ही टेकलेले, मग हलवायचं काय? त्यामुळं माणूस मध्येच लटकून राहतो, पण व्हिडिओ मोठा होतो. एक वाजता काळा पाषाण तव्यासारखा तापलेला असतो हे वेगळं सांगायला नको. खाच घट्ट धरा म्हणतात, पण ती धरवत नाही.

सुगंधी फवारा विसरू नका. गडावर आपल्या अंगाचा वास आला तर कसं दिसेल? डगरीखाली, कड्याच्या पोटाला, काळी पाटी उलटी टांगल्यासारखी आग्या मोहोळं लागलेली असतात. फुलोऱ्याचे दिवस असतात, त्यांचं त्यांचं काम चालू असतं. त्यांना उग्र वास आवडत नाही, धूर आवडत नाही, गोंगाट तर मुळीच नाही, म्हणजे आपली सहल त्यांना समूळ नापसंत. ब्लूटूथ स्पीकर काढा, आवाज वाढवा. पहिली माशी डसली की त्या जागी एक वास सुटतो, आणि तो बाकीच्यांना बोलावून घेतो. आपण लोकेशन पाठवतो ना, त्यातलाच प्रकार. एकाला चावली, पाचशे आल्या. मग पळायचं, आणि कुठून पळायचं? त्याच घसाऱ्यावरून.

माशी गेली तरी नांगी अंगात राहते, आणि तिला जोडलेली विषाची पिशवी मागाहूनही विष ढकलत राहते. म्हणून ती नखानं लगेच खरवडून काढावी. पण आपल्यात नियम असा, की आधी सुजलेला डोळा सगळ्यांना दाखवायचा, त्याचा फोटो निघायचा, हसून घ्यायचं, मग कुणीतरी चुना शोधायला लागतो. तोवर पिशवी रिकामी. एखाद्याला श्वास लागला, घसा सुजला, अंगभर गांधी उठल्या, तर हसणं आपोआप थांबतं आणि दवाखाना किती लांब आहे हे पहिल्यांदा मोजलं जातं.

चुलीवरच्या मॅगीबद्दल फार लिहीत नाही. तीन दगड, वाळकं गवत, वारा. जंगलाला आग लावणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे, पण आपण आग कुठं लावतो, आपण फक्त मॅगी करतो. बाकीचा डोंगर स्वतःहून पेटतो.

वासोट्याच्या किल्ल्याला जाणार असाल तर बामणोलीचा नाववाला परतायची जी वेळ सांगेल ती बोलीभाव समजा. त्यानं चार म्हटलं की आपण साडेपाच धरायचे. वर मुक्कामाला परवानगी नाही, खाली कोयना धरणाच्या शिवसागराचं पाणी, मागं वाघासाठी राखलेलं रान. एवढं सगळं असून माणूस माथ्यावर बसून सेल्फीचा कोन बदलत असतो आणि खाली बाकीचे प्रवासी नावेत बसून त्याच्या घराण्याचा उद्धार करत असतात. ते ऐकू येत नाही, हा उंचीचा फायदा.

दुपारी तीनला पश्चिमेकडं ढग उभा राहिला तर आनंद माना. वळीव. मातीचा वास काय सुटतो राव! अशा वेळी माथ्यावरच थांबावं, शक्यतो एकट्या झाडाखाली, नाहीतर बुरुजावरच्या झेंड्याच्या लोखंडी काठीला टेकून. आभाळातून वीज येते ती उंच काय आहे ते बघत येते. अख्ख्या तालुक्यात त्या क्षणी सगळ्यात उंच तुम्हीच असता, असा मान पुन्हा मिळत नाही.

आता पाणी. मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण आपणही ते शेवटीच आठवतो.

दोघांत एक लिटरची बाटली पुरे. पाणी जड असतं, आणि ‘वर टाकी आहेत की’ हे वाक्य हलकं. टाकी खरंच असतात. ज्यांनी ती छिन्नी-हातोड्यानं कातळात खोदली त्यांना एप्रिल-मे तिथंच काढायचा होता. नांदगिरीच्या कल्याणगडावर तर अंधाऱ्या गुहेत पाण्यातून चालत जाऊन पार्श्वनाथ आणि दत्ताचं दर्शन घ्यावं लागतं. पण आपल्या नशिबी येतं ते उघडं टाकं. पाणी हिरवं, त्यात दोन बाटल्या तरंगणाऱ्या, एक बेडूक, आणि सगळं हाताला आठ फूट खाली. दोरी कुणी आणलेली नसते. दोरी आणायची असते हेही तिथंच कळतं.

आमचंच सांगतो. वाईच्या अंगाचा एक गड, नाव घेत नाही, गडाचा काही दोष नव्हता. आम्ही सहा जण, बाटल्या तीन, पैकी एकीत कोल्ड्रिंक. वर सांगितलेल्या सगळ्या सूचना पाळून अकराला चढायला लागलो. माथ्याखाली आमच्यातल्या बँकवाल्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. मग डोकं धरून बसला. मग गप्प झाला. हा माणूस तोंडात घास असताना बोलतो, तो गप्प झाल्यावर आमची तंतरली. माथा सोडला आणि त्याला दोघांच्या मध्ये धरून, बसत, घसरत, अडीचला वाडीतल्या पहिल्या घराच्या ओट्यावर आणून टाकला.

घरात आजी एकटी. काही विचारलं नाही. तांब्याभर पाणी, त्यात गुळाचा खडा फोडून टाकला, मिठाची चिमूट सोडली, बोटानंच ढवळलं आणि म्हणाली, ‘एकदम ढोसू नगं, घोट घोट घे लेकरा.’ लिटरभर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, असं पुस्तकात असतं. आजीनं चमचा वापरला नव्हता. तासाभरात बँकवाला बोलायला लागला. पहिलं वाक्य, ‘मी म्हणत होतो लवकर निघू.’ तो असलं काही म्हणाला नव्हता.

आम्हीही प्यायलो. कळशीतून तांब्या, तांब्यातून घसा. एकानं तर अर्धा तांब्या डोक्यावर ओतून घेतला आणि ‘आहाहा’ म्हणाला. दोन कळश्या संपल्या तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं ते आजीनं कोपऱ्यातली चुंबळ उचलून डोक्यावर ठेवली तेव्हा.

‘कुठं निघाला, आजी?’

‘पान्याला. खालच्या हिरीवर.’

‘लांब आहे का?’

‘न्हाई रं. हे काय, हितंच.’

बांधावरून खाली बघितलं. ओघळ उतरून, दोन ताली पलीकडं, झाडोऱ्यात कुठंतरी विहिरीची कडा चमकत होती. आम्ही नको नको म्हणालो, एकानं कळशी धरलीही, पण ती त्याला डोक्यावर ठेवता येईना आणि कमरेवर ठरेना. आजीनं ती काढून घेतली. पैसे पुढं केले तर हसली. ‘पानी कुनी इकतं व्हय?’

तर सल्ला तोच. पाण्याचं ओझं बाळगू नका, पायथ्याला आजी असतेच.

संध्याकाळी हायवेला आलो. पहिल्याच टपरीवर गाडी थांबवली, वीस रुपयांना एक अशा सहा बाटल्या घेतल्या, आणि बँकवाल्यानं त्यातली एक गालाला लावून टपरीवाल्याला परत दिली. ‘यापेक्षा गार नाही का?’