‘मुलांना पोपट करू नका’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया वाचून दोन दिवस मी काही लिहिलं नाही, कारण तिच्यातला एक भाग खरा आहे आणि तो मला लागला. बीएस-एमडीच्या, म्हणजे शाळेनंतर लगेच पदवी आणि डॉक्टरकी या दोन्हींची जागा एकत्र देणाऱ्या अमेरिकेतल्या अभ्यासक्रमांच्या, मुलाखतीच्या तयारीवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत की आम्ही सतरा वर्षांच्या मुलांना पोपट करतोय. हा सगळा पैसेवाल्यांचा खेळ आहे, एकाच माणसाच्या मर्जीवर मुलाचं भवितव्य लटकतं, यापेक्षा आपली ‘नीट’ परीक्षा बरी, तिथे निदान गुण तरी बोलतात, असंही तुम्ही म्हणालात. आणि शेवटी विचारलंत, ‘आनंदीबाई जोशींनी कोणाकडे मॉक इंटरव्ह्यू दिले होते?’ तुम्ही नाशिकला तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंत, सध्या न्यू जर्सीत लेकीकडे आहात आणि नातू याच वर्षी हे अर्ज भरतोय. त्यामुळे दोन ओळींत ‘धन्यवाद’ म्हणून मला सुटता येणार नाही.

आधी चूक कबूल करते. त्या लेखात मी वीस प्रश्न दिले होते आणि त्यांपैकी आठांची नमुना उत्तरंही दिली होती. ती उत्तरं मी आज काढून टाकली. ती नको होती, हे मला माझ्याच घरात कळलेलं होतं, म्हणून ही चूक जास्त लाजिरवाणी आहे.

माझा मुलगा बारावीत असताना त्याला एका वैद्यकीय महाविद्यालयातून मुलाखतीचं बोलावणं आलं. मी स्वतः डॉक्टर. जानेवारीचे तीन आठवडे मी त्याच्यासाठी उत्तरं लिहीत होते आणि जेवायच्या टेबलावर त्याच्याकडून म्हणवून घेत होते. मुलाखतीत त्याला विचारलं, डॉक्टर होता आलं नाही तर काय करशील? आमचं उत्तर तयार होतं, सार्वजनिक आरोग्य. तो ते छान बोलला. समोरच्या बाईंनी शांतपणे पुढचं विचारलं, त्यातला कोणता प्रश्न तुला स्वतःला सतावतो? परत येताना गाडीत तो मला म्हणाला, ‘आई, तुझी उत्तरं संपली तेव्हा माझ्याकडे काहीच उरलं नाही.’ नकार आला तो योग्यच होता. पढवलेलं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला टिकत नाही, एवढं मला तेव्हा कळायला हवं होतं. तरीही दोन वर्षांनी मी लोकांच्या मुलांसाठी नमुना उत्तरं लिहिली. त्याबद्दल तुमचा राग मला मान्य आहे.

पण तयारीच नको, हे मी मानणार नाही.

इथला नेहमीचा रस्ता असा: आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा, मग वैद्यकीय महाविद्यालयांना अर्ज. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी ठरवायची गोष्ट या एकत्रित कार्यक्रमांत सतराव्या वर्षी ठरते, आणि वैद्यकीयची जागा आधीच राखली जाते. आपल्या राज्यातलंच उदाहरण घ्या. टीसीएनजेची, म्हणजे ‘द कॉलेज ऑफ न्यू जर्सी’ची, मुलं तीन वर्षं युइंगला त्या कॉलेजात शिकतात आणि मग चार वर्षं नेवार्कच्या वैद्यकीय महाविद्यालयात. मिसूरी विद्यापीठाचा कॅन्सस सिटीतला सहा वर्षांचा अभ्यासक्रम 1971 पासून चालू आहे. जागा अगदी थोड्या, आणि अर्जात सगळ्यांचेच गुण पहिल्या नंबराचे. म्हणून मुलाखतीत येणारा मुख्य प्रश्न एकच असतो, तो वेगवेगळ्या शब्दांत येतो इतकंच. आत्ताच का? चार वर्षं थांबून का नाही? याचं प्रामाणिक उत्तर घरात कोणी आधी विचारलेलंच नसतं. आईवडिलांनी गृहीत धरलेलं असतं आणि मुलानेही.

नीटबद्दल तुम्ही म्हणता त्याची मला कदर आहे. मी 1993 साली बारावीच्या पीसीबीच्या गुणांवर एमबीबीएसला गेले आणि मला कोणी एक प्रश्नही विचारला नाही. आपल्याकडे मुलाखत म्हटलं की वशिला आणि देणगी आठवते, आणि तो संशय उगीच आलेला नाही. वेल्लोरचं सीएमसी, म्हणजे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, वर्षानुवर्षं मुलाखती घेऊन मुलं निवडायचं. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही नीट बंधनकारक केली. देशभर एकच निकष हवा, हा विचार मला पटतो. पण पहिल्याच वर्षी शवविच्छेदनाच्या टेबलापाशी माझ्या शेजारच्या मुलीने मला सांगितलं होतं की तिला हे कधीच नको होतं. तिचे गुण माझ्यापेक्षा जास्त होते. तिला ते विचारायला कुणीतरी हवं होतं, सर. साडेपाच वर्षं ती तिथे होती.

एकाच माणसाच्या मर्जीवर मुलाचं भवितव्य लटकतं, हा तुमचा आक्षेप इकडच्या लोकांनीही घेतलेला होता. म्हणूनच कॅनडात हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात एमएमआय, म्हणजे एकापाठोपाठ अनेक छोट्या मुलाखतींची पद्धत, निघाली. दाराबाहेर दोन मिनिटं कागद वाचायचा, आत आठ मिनिटं बोलायचं, मग पुढचं दार. प्रत्येक दारामागे वेगळा परीक्षक, त्यामुळे एकाची नावड दुसऱ्याच्या गुणांत उतरत नाही. बऱ्याच ठिकाणी आता हीच पद्धत आहे, आणि तिथे घोकंपट्टी आणखी लवकर उघडी पडते.

मग तयारी कशाची? रविवारी माझ्याकडे तयारीला येणाऱ्या एका मुलीचं सांगते, तिच्या परवानगीने आणि तपशील थोडे बदलून. ती पहिल्यांदा आली तेव्हा रुग्णालयातल्या स्वयंसेवेची गोष्ट तिने गुळगुळीत करून आणली होती. व्हीलचेअर ढकलली, म्हातारे गृहस्थ हसले, आपल्याला करुणेचा अर्थ कळला. मी ऐकून घेतलं आणि विचारलं, घरी कोण कोण असतं? आजी. आजीला मधुमेह. साखर तपासून वहीत लिहायचं आणि इन्सुलिन टोचायचं काम नातीकडे. पंधरा मिनिटांनी ती म्हणाली की एकदा आजीने बर्फी खाल्ली होती, आकडा 240 आला, आणि ‘तुझ्या बापाला कळलं तर माझ्यावर ओरडेल’ म्हणून आजी रडली. हिने वहीत 160 लिहिलं. रात्री झोप लागली नाही. सकाळी आईला सांगितलं, तर आजी आठ दिवस हिच्याशी बोलली नाही.

वैद्यकीय नीतीची चार तत्त्वं मुलं पाठ करून येतात: रुग्णाचा निर्णय, रुग्णाचं हित, अपाय न करणं, न्याय. या मुलीने त्यातली तीन स्वयंपाकघरात उभं राहून भोगली होती आणि तिला ते सांगण्याजोगं वाटलंच नव्हतं. पुढचे तीन रविवार आम्ही त्या वहीवरच बोललो. खोटा आकडा पाहून कोणी डोस ठरवला असता तर? आईला सांगण्याआधी आजीला सांगायला नको होतं का? मी उत्तर दिलं नाही, कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मलाही नीटसं ठाऊक नाही. तिची भीड चेपली, विचार स्वतःचा झाला. याला तुम्ही पोपटपंची म्हणणार नाही, असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट मुलं करत नाहीत. हा कार्यक्रम कशासाठी काढला आहे, हे वाचत नाहीत. हार्लेममधल्या सिटी कॉलेजने 1973 मध्ये असा अभ्यासक्रम सुरू केला तो डॉक्टर जिथे पोहोचत नाहीत त्या वस्त्यांसाठी. न्यू मेक्सिकोचा कार्यक्रम तिथल्याच मुलांसाठी आहे, कारण तिथल्या गावांना डॉक्टर हवेत. अशा ठिकाणी ‘मला मोठ्या शहरात न्यूरोसर्जन व्हायचंय’ म्हणणारा मुलगा हुशार असेल, पण तो चुकीच्या दारात उभा आहे.

आता आनंदीबाई. तुमचा प्रश्न वाचून मी मुद्दाम पुन्हा वाचायला बसले. 24 फेब्रुवारी 1883, बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजचं सभागृह. आनंदीबाई लोकांसमोर उभ्या राहिल्या, आणि त्यांचं भाषण लोक त्यांना विचारत असलेल्या प्रश्नांवरच बांधलेलं होतं. अमेरिकेला का जातेस? इथे शिकायची सोय नाही का? एकटी का जातेस? परत आल्यावर वाळीत टाकतील त्याचं काय? संकट आलं तर? कुठल्याच बाईने केलं नाही ते तू का करावंस? त्यांनी एकेक प्रश्न घेतला आणि उत्तर दिलं. हे प्रश्न त्यांना कुठल्या शिकवणीत मिळाले नव्हते. रस्त्यावर टोचून, हिणवून विचारलेले होते, आणि दहा दिवसांचं मूल गमावलेल्या बाईकडे त्यांची उत्तरं होती. त्या दिवशी त्यांचं वय सतरा होतं, सर. तुमच्या नातवाइतकंच. त्याच वर्षी त्या इथे आल्या आणि पत्रांतून ओळख झालेल्या अमेरिकन कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या, ते रोझेल आमच्या एडिसनहून गाडीने अर्ध्या तासावर आहे. 1886 मध्ये फिलाडेल्फियाला त्यांनी पदवी घेतली. गोपाळरावांचा हट्ट या सगळ्यामागे किती होता, हे आपण दोघंही जाणतो. पण सेरामपूरला उत्तरं त्यांनी स्वतः दिली.

पैशांबाबत तुम्ही बरोबर आहात. हजारो डॉलर घेऊन अर्जापासून मुलाखतीपर्यंत सगळं करून देणारे सल्लागार इथे आहेत. ज्याच्या घरात डॉक्टर आहे त्याला ओळखीने दवाखान्यात उभं राहता येतं. ज्याचे वडील पेट्रोल पंप चालवतात त्याला रुग्णांच्या गोपनीयतेचे नियम दाखवून दारातूनच परत पाठवतात. याच कारणाने मी लिहायला लागले आणि याच कारणाने रविवारचे पैसे घेत नाही. मी थांबले तर सल्लागार थांबणार नाहीत, पेट्रोल पंपवाल्याचा मुलगा मात्र उरलेल्या एवढ्या आधारालाही मुकेल.

मागच्या हिवाळ्यात एक मुलगा चौथ्या रविवारी म्हणाला की त्याला रसायनशास्त्र आवडतं, रुग्ण नाहीत. त्याने अर्ज मागे घेतला. त्याच्या आईवडिलांनी माझ्याशी बोलणं सोडलं आहे, समोरासमोर आलो तरी. मला त्याचं वाईट वाटतं, पण तो रविवार मी पुन्हा तसाच घालवेन.

नातवाला या रविवारी तीन वाजता पाठवा. लिहून आणलेलं काही नको, आणि आईवडिलांनी बाहेरच्या खोलीत बसायचं. तुम्ही मात्र आत या. वर्गात मुलांना विचारत होतात तसे प्रश्न विचारा, मी बाजूला बसून ऐकेन. नातवाच्या वेळी हवं तर बाहेर बसा, बाकी चार मुलं आहेतच.